दिव्याभोवती वीतभर

गुरुनाथ पालशेतकर कामाच्या शेवटी एक गोष्ट न चुकता करायचा. नवे बसवलेले सगळे दिवे लावायचा, एसी बंद करायचा, दारं-खिडक्या ओढून घ्यायचा, आणि दुपारचं जेवण उरकून आला की शिडीवर चढून एकेका दिव्याच्या कडेला तळहात टेकवून बघायचा. तापलेल्या पोराचं कपाळ बघतात तसा. रियाधमधल्या त्याच्या कंपनीतले लोक याला हसत. कुणी त्याला डॉक्टर म्हणे, कुणी विचारे, पेशंट वाचणार का. मीटर लावून जे बघायचं ते त्याने आधीच बघितलेलं असे. पण मीटर तारेतलं सांगतो. जिप्समच्या छताच्या वर, अंधारात, काय शिजतंय ते हातालाच कळतं, असं त्याचं म्हणणं.

गाव गुहागर तालुक्यातलं. चिपळूणच्या आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड केला, लोट्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात काही वर्षं काढली आणि मग सौदीत आला. सुरुवातीला रियाधच्या ओलाया भागातल्या उंच टॉवरांत होता. तिथे एकाच मजल्यावर इतके दिवे असत की कुठला आपण लावला ते नंतर ओळखू येत नसे. आता तो लोकांच्या घरांची दुरुस्ती करणाऱ्या एका लहान कंपनीत होता, आणि हे काम त्याला जास्त आवडे. घरात माणूस राहतो. दिवा लावला की कुणीतरी वर बघतं.

कॅम्पमध्ये त्याच्या खोलीत हाशम मुकादम राहायचा. हाशम फॉल्स सीलिंगचा आणि छतावर उष्णतारोधक लोकर पसरण्याचा कारागीर, दाभोळ खाडीच्या दापोलीकडच्या काठावरचा. गुरुनाथचं गाव खाडीच्या अलीकडे. लहानपणी दोघांनी एकमेकांचे डोंगर रोज बघितले होते, फेरीबोटीतून कितीदा ये-जा केली होती, पण ओळख झाली ती रियाधच्या या खोलीत. तेव्हापासून दोघंही एकमेकांना ‘पलीकडचा’ म्हणत. शुक्रवारी मासे आणत आणि आमटीत आमसुलं किती घालायची यावरून दर शुक्रवारी वाद घालत. त्या वादाचा निकाल लागावा असं दोघांनाही वाटत नसावं.

त्या उन्हाळ्यात दोघांना एकाच घरी काम मिळालं. घर उमामा नावाच्या निवृत्त शिक्षिकेचं. अंगणाच्या कडेला तिचा मुलहक होता, म्हणजे मुख्य घरापासून सुटी बांधलेली एक मोठी खोली. वर पत्र्याचं छप्पर, त्याच्या खाली माणूस रांगू शकेल एवढी पोकळी, आणि पोकळीच्या तळाशी जिप्समचं छत. आजवर त्या खोलीत पाहुणे बसत. आता तिथे उमामाची लेक राहायला येणार होती. तिचं बाळंतपण जवळ आलं होतं, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे बाळ झाल्यावर चाळीस दिवस ती आईच्या देखरेखीखाली राहणार होती. मुख्य घरात वरखाली जिने आणि सदा माणसांची वर्दळ, म्हणून ही खोली.

हे कळल्यावर गुरुनाथने पद्मिनीला, आपल्या बायकोला, फोनवर सांगितलं. ती म्हणाली, यात नवल काय, आपल्याकडेही माहेरीच जातात की. मग तिने विचारलं की दिवे पलंगाच्या वर आहेत का. बाळ दिवसभर उताणं पडून असतं, दिवा सरळ त्याच्या डोळ्यांत जातो. गुरुनाथला हे कधी सुचलं नव्हतं. त्यांची लेक ओवी जन्मली तेव्हा तो इकडेच होता. उताणं पडलेलं बाळ त्याने फोटोतच पाहिलेलं. पण नकाशात पलंगाच्या वर दोन दिवे दाखवले होते, आणि नकाशाप्रमाणे त्याने ते बसवले.

दिवे उमामाने स्वतः आणले होते. सोनेरी कडांचे, छतात खोल बसणारे, दिसायला सुरेख. खोक्याच्या बाजूला मात्र एक लहानसं चित्र होतं: छतातला दिवा, त्याच्यावर लोकरीचा थर, आणि सगळ्यावर फुली. म्हणजे हा दिवा लोकरीखाली झाकायचा नाही. झाकलेला चालतो असा दिवाही मिळतो, पण तो वेगळा. या दिव्याची ऊब त्याच्या पाठीतून वर जाते, आणि पाठीला मोकळी हवा लागते. म्हणून गुरुनाथने जिप्समच्या सांगाड्याचे उरलेले पत्रे कापून प्रत्येक दिव्याभोवती एक गोल कुंपण केलं, दिव्यापासून वीतभर अंतर ठेवून, म्हणजे लोकर सरकून दिव्याला चिकटणार नाही. दिव्याला वीज पुरवणारी लहान डबी, जिला ड्रायव्हर म्हणतात, तीही त्याने लोकरीत पडू दिली नाही. सांगाड्याला बांधून वर उचलून ठेवली. हे सगळं करून तो दुसऱ्या साइटवर गेला. मागून हाशम येऊन लोकर पसरणार होता.

आठवड्याने गुरुनाथ शेवटची तपासणी करायला परत आला. दिवे लावले, एसी बंद केला, दार ओढलं. दुपारी शिडीवर चढला तेव्हा पलंगाच्या वरचा एक दिवा आपोआप विझला. थोड्या वेळाने आपोआप लागला. परत विझला; आत फार तापलं की ड्रायव्हर आपणच वीज तोडतो. गुरुनाथने शेजारच्या दिव्याच्या कडेला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

त्याने वीज तोडायला फळीवरचा एमसीबी पाडला, दिवा निवेपर्यंत थांबला, मग स्प्रिंगा दाबून तो खाली ओढला आणि रिकाम्या भोकातून हात वर घातला. वीतभर मोकळी हवा असायला हवी होती. बोटांना लागली ती लोकर. मऊ, दाट, गरम. दुसऱ्या दिव्याच्या भोकात तेच. तिसऱ्यातही तेच. कुंपणं जागच्या जागी होती. त्यांच्या वरून आणि आतूनही लोकरीचा आणखी एक थर नीट दाबून बसवला होता, गोधडीच्या कडा गादीखाली खोचाव्यात तसा. इतकं सफाईदार काम कंपनीत एकाच माणसाचं होतं.

वर चढून बघण्याचा प्रश्नच नव्हता. जूनमधल्या दुपारी त्या पत्र्याखाली माणूस गेला तर शुद्धीवर परत येईल याची खात्री नाही.

तो शिडीवरून उतरत असतानाच उमामा खजुरांची ताटली घेऊन दारात आली. काल संध्याकाळी नात झाली, असं तिने सांगितलं. दोघी खुशाल आहेत आणि उद्या सकाळी घरी येतात. बोलताना ती खोलीभर बघत होती: पलंग, पाळणा, पडदे, सोनेरी कडा. मग तिने विचारलं, “खलास?”

कामाच्या शेवटी हा शब्द इतक्यांदा विचारला जातो की उत्तर तोंडातून आपसूक बाहेर पडतं. गुरुनाथने ते गिळलं. थोडं बाकी आहे म्हणाला, एक खजूर उचलला, आणि तो हातात तसाच धरून बाहेर पडला.

कंपनीच्या गाडीत बसून त्याने सत्यजितला फोन लावला. सत्यजित त्यांचा सुपरवायझर, सांगलीकडचा इंजिनिअर, माणूस सरळ. आधी तो म्हणाला की एलईडी आहे, कितीसं तापणार. मग त्याने खोक्याचा फोटो मागवला आणि म्हणाला, उघडावं लागेल. पण त्याने एक आठवणही करून दिली. मागच्या महिन्यात एका घरमालकाने छताखाली उष्णता मोजणारं यंत्र धरून दाखवलं होतं की दिव्यांच्या जागी लोकर नाही आणि तिथून उष्णता उतरते. ते काम हाशमचं होतं. कफील, म्हणजे कंपनीचा सौदी मालक, तेव्हा सगळ्यांसमोर बोलला होता की याची आणखी एक तक्रार आली तर याला वाळवंटातल्या साइटवर पाठवतो. आता पुन्हा छत उघडलं तर चूक कुणाची म्हणून सांगायचं, ते तुम्ही दोघं ठरवा.

म्हणजे हाशमने फटी का बुजवल्या, ते गुरुनाथला गाडीतच कळलं होतं. तरीही कॅम्पच्या खोलीत शिरताना त्याच्या डोक्यात ती गरम लोकर होती आणि तिच्या खालचा पाळणा.

हाशम स्टोव्हजवळ कांदा चिरत होता. गुरुनाथने बूटही न काढता छतातलं सगळं सांगितलं. हाशमने सुरी खाली ठेवली नाही.

“उमामाबाईंनीच सांगितलं, दुसरा थर घाल, बाळ येणार आहे. मी घातला. कुठे मुंगी शिरायला जागा ठेवली नाही.”

“तेच चुकलं ना. माझी कुंपणं दिसली नाहीत तुला?”

“दिसली. मला वाटलं सांगाड्याचे तुकडे राहिलेत. तू काय त्यावर नाव लिहून ठेवलं होतंस?” कांद्याचे तुकडे आणखी बारीक होत गेले. “मागच्या वेळी जागा ठेवली तर लोकांनी माझी अब्रू काढली. या वेळी ठेवली नाही तर तू आलास. आणि एलईडी थंड असतो, हे तूच मला कधीतरी सांगितलंयस.”

सांगितलं होतं. उजेडाच्या बाजूने थंड, असं सांगितलं होतं, पण ते अर्धंच. एकाने काम करून जावं, दुसऱ्याने मागून येऊन आपलं करावं, मध्ये कुणी कुणाला विचारू नये, अशीच त्यांच्या कंपनीतली पद्धत होती. खोलीत दोघं रोज माशांवर भांडत, पण छताबद्दल एकदाही बोलले नव्हते.

“उद्या सकाळी ती पोर घरी येणार,” गुरुनाथ म्हणाला.

हाशमने सुरी ठेवली. “कुठली पोर?”

नात झाल्याचं त्याला माहीत नव्हतं. गुरुनाथने खिशातून तो खजूर काढून त्याच्यासमोर ठेवला. प्रवासात तो जरा चेपला होता. हाशमने त्याचे दोन तुकडे करून अर्धा गुरुनाथला दिला, अर्धा स्वतः खाल्ला, आणि बी बोटांत फिरवत बसून राहिला.

“तू लोकर उसवणार,” शेवटी तो म्हणाला, “तर सगळीकडून ऊन उतरणार. पाळण्यावर तर आधी. म्हणजे दिवा तापू नये म्हणून खोली तापवायची.”

हे खरं होतं. दिव्याची काळजी करता करता गुरुनाथ खाली झोपणाऱ्या बाळाला लागणाऱ्या उन्हाचा विचार करायला विसरला होता. हाशमने तोच एक विचार केला होता. मग गुरुनाथला पद्मिनीचं बाळाच्या डोळ्यांत जाणाऱ्या दिव्याबद्दलचं बोलणं आठवलं, आणि ते त्याने जसंच्या तसं हाशमला सांगितलं.

“मग पलंगावरचे दोन्ही काढून टाक,” हाशम म्हणाला. “ती भोकं मी जिप्समने बुजवतो. तिथे माझी लोकर अखंड राहील. बाकीच्यांना तुझी वीत सोडतो. पण वीतच, त्याच्यावर बोटभर नाही.”

आपण बसवलेला दिवा गुरुनाथने आजवर कधी स्वतःहून काढला नव्हता. तो हो म्हणाला.

पहाटेची नमाज आटोपून हाशम आला तेव्हा गुरुनाथ गाडीत शिडी चढवून तयार होता. पत्रा तापायच्या आत काम उरकायचं होतं. उमामा अंगणातच होती; तीही नमाजसाठी उठलेली. सामानासह दोघांना बघून तिचा चेहरा उतरला. आज कशाला, असं तिने विचारलं, पाहुणे येतील, धूळ होईल. गुरुनाथने मोडक्यातोडक्या अरबीत सांगायला सुरुवात केली की वर लोकर जरा जास्त झाली आहे, दिवे गुदमरतात, आमच्याकडून... इथे तो अडखळला. ‘आमच्याकडून’ हा शब्द त्याने गाडीतच ठरवून ठेवला होता.

“लोकर मी घातली,” हाशम म्हणाला. “चूक माझी.”

उमामा म्हणाली की दुसरा थर तिनेच मागितला होता, कुठे फट ठेवू नका असंही तिनेच बजावलं होतं. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना चूक कुणाची ते शोधत बसण्याची सवय होती, आता ती सुटली आहे. सगळं ठीक होईपर्यंत लेक मुख्य घरात राहील. जिने चढावे लागले तर हात धरून चढवू. आणि कंपनीला फोन करायचाच झाला तर काम चांगलं झालं हे सांगायला ती करेल.

“यल्ला,” ती म्हणाली, म्हणजे चला, लागा कामाला, आणि कॉफी ठेवायला आत गेली.

छताच्या कोपऱ्यातली झडप अरुंद होती. हाशम अंगाने सडपातळ, तो मास्क, हातमोजे आणि कपाळाला बॅटरी लावून वर गेला. गुरुनाथने एमसीबी पाडून त्यावर चिकटपट्टी लावली, सगळे दिवे खाली काढून घेतले आणि शिडी पहिल्या भोकाखाली लावली. वरून हाशमला नेमका मध्य कळेना. दुहेरी लोकरीखाली भोक कुठे, कुंपण कुठे, सगळं एकसारखं पांढरं. तेव्हा गुरुनाथने बाही खाली ओढली आणि भोकातून हात वर घातला, लोकरीत घुसवला, आणि बोटं पसरून धरली.

वरून काही क्षण काहीच हालचाल नव्हती. मग लोकर सरकल्याचा आवाज आला, आणि हातमोज्यातल्या एका हाताने त्याची बोटं चाचपली.

“हा तूच का, पलीकडच्या?”

“दुसरा कोण असणार?”

“हात हलवू नको. बोट कापलं तर आमसुलं कोण मोजेल?”

हाशमने त्या पसरलेल्या हाताभोवती लोकर कापत नेली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत आणि परत अंगठ्यापर्यंत, कुंपणाच्या कडेला धरून. कापलेला तुकडा उचलला तशी गुरुनाथच्या तळव्याला हवा लागली. मग ड्रायव्हर जागेवर आहे का, वायर लोकरीत दबली आहे का, हे हाशमने बॅटरीच्या उजेडात बघून सांगितलं. कशाकडे बघायचं ते गुरुनाथ खालून एकेक करून विचारत होता. दबलेली एक वायर हाशमने सोडवून लोकरीच्या वर घेतली. शिडी पुढच्या भोकाखाली गेली, हात वर गेला. असं करत सगळी खोली झाली. लोकरीचे तंतू गुरुनाथच्या मनगटाला चुणचुणत होते, पण त्याने खाजवलं नाही. खाजवलं की ते आणखी आत जातात.

पलंगावरच्या दोन भोकांपाशी तो शिडी घेऊन गेला, पण हात वर घातला नाही. तारा सोडवून त्यांची टोकं बंद डबीत टाकून वर दिली. हाशमने तिथे जिप्समच्या चकत्या आतून बसवल्या आणि त्यांच्यावर लोकर पुन्हा अंथरली. या वेळी कडा खोचताना तो जास्त वेळ घेत आहे, हे खाली आवाजावरून कळत होतं.

तो उतरला तेव्हा त्याचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता आणि वरचा पत्रा टिकटिक करत तापायला लागला होता. चकत्यांच्या सांध्यांवर त्याने खालून पुट्टी ओढली. दोघांनी पलंग, पाळणा, फरशी पुसून घेतली. मग गुरुनाथने सगळे दिवे लावले, एसी बंद केला आणि दार ओढून घेतलं.

तेवढ्यात फाटकाशी गाडी आली. अंगणातून बायकांचे आवाज, धावत्या चपला, आणि त्यांच्या मधून एक बारीक, नवं रडणं मुख्य घराकडे गेलं. हे दोघं रिवाजाप्रमाणे पाठ फिरवून भिंतीच्या सावलीत बसले होते. हाशम म्हणाला, आवाज दणदणीत आहे. ओवीचा पहिला आवाज कसा होता, हे पद्मिनीने फोन पाळण्याजवळ धरून त्याला ऐकवलं होतं. तेव्हा लाइन खराब होती.

दुपारी तो शिडीवर चढला. पहिल्या दिव्याच्या कडेला तळहात टेकवला आणि वेळ जाऊ दिला. ऊब होती, बेताची. हात सुखाने ठेवता येत होता. दुसरा तसाच. एकही दिवा विझला नव्हता. शेवटचा झाल्यावर तो उतरला आणि शिडी धरून उभा राहिला.

“तू बघ,” तो हाशमला म्हणाला.

“मला काय कळतंय त्यातलं.”

“बघ तर.”

हाशम चढला. आधी त्याने दिव्याच्या कडेला हात लावला, मग पलंगावर त्याने बुजवलेल्या जागी लावला, मग पुन्हा दिव्याला. खाली बघून म्हणाला, “पेशंट वाचला.” त्याच्या तोंडून हे पहिल्यांदाच आलं होतं, आणि कॅम्पमध्ये बाकीचे हसत तेव्हा तो कधी हसलेला नव्हता, हे गुरुनाथच्या आत्ता ध्यानात आलं.

उमामाला त्याने बोलावून घेतलं. लेक आणि नात आता इथे येऊ शकतात, असं सांगितलं. पुढे कधी वर कुणी चढलं, एसीवाला असो की पाण्याचा प्लंबर, तर दिव्यांभोवतीच्या मोकळ्या जागेत त्याने काही सरकवू नये. दिवा आपोआप विझून लागायला लागला तर बटण बंद करून आपल्याला फोन करावा. तिने हे दोनदा म्हणून दाखवलं, जशी एकेकाळी वर्गात म्हणवून घेत असेल. मग तिनेच तो शब्द उच्चारला, या वेळी विचारल्यासारखा नाही.

“खलास.”

“खलास,” गुरुनाथ म्हणाला.

विसरलेली एक शिडी न्यायला दोघं मगरिबनंतर, सूर्यास्ताची नमाज झाल्यावर, परत आले. मुलहकच्या खिडकीला पडदा होता, पण त्याची एक कड उघडी होती. ते फाटकातून आत शिरत असतानाच आत कुणीतरी बटण दाबलं आणि सगळे दिवे एकदम लागले. पडद्याची कड सोनेरी झाली. हाशम थांबला. गुरुनाथही थांबला. एक श्वास घेऊन सोडावा एवढ्यात दिवे विझले, आणि पडद्यामागे कोपऱ्यात टेबलावरचा लहानसा दिवा तेवढा राहिला.

“बंद केले,” हाशम म्हणाला. “एवढं सगळं करून.”

“झोपली असेल,” गुरुनाथ म्हणाला, आणि आवाज होऊ नये म्हणून दोघांनी शिडी दोन्ही टोकांना धरून अलगद उचलली.